माडीवरचे शिकाऊ

चर्चमध्ये शेवटचं गीत व्हायचं होतं. त्याआधी हेडमास्तर सूचना वाचायला उभे राहिले. मंडळीच्या पंच कमिटीचे ते अध्यक्ष. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा आणि वाचण्याआधी सगळ्यांवरून एक नजर फिरवायची ही सवय काही सुटली नव्हती. त्यांनी सांगितलं की पाळकपणाचं शिक्षण घेणारे दोन शिकाऊ गुरुवारी येत आहेत. यंदा पहिल्यांदाच दोन्ही मुली आहेत आणि दहा महिने त्या आपल्या मंडळीत काम शिकतील. मग कागदावरून नजर काढून, जरा हसून त्यांनी पुढचं वाक्य घेतलं. मुलींची राहायची सोय नेहमीप्रमाणे आमच्या दादा-वहिनींच्या घरी केली आहे.

टाळ्या वाजल्या. पुढच्या बाकांवरच्या दोघी-तिघी मागे वळून थोरलीकडे कौतुकाने बघून हसल्या.

थोरली म्हणजे घरातली थोरली सून, हेडमास्तरांची वहिनी. ती मधल्या वाटेत नवऱ्याच्या, दादांच्या, चाकांच्या खुर्चीशेजारी बसली होती. तिने तोंडावर हसू आणलं, मान डोलावली, आणि खुर्चीचा ब्रेक नीट लागला आहे ना ते उगाच वाकून पाहिलं. मुली येणार, त्या आपल्याकडे राहणार, हे सगळं तिला त्याच क्षणी कळत होतं, मंडळीतल्या शे-दीडशे माणसांबरोबर.

सासूबाईंनी सुरू केलेला हा रिवाज होता. त्यांचं म्हणणं असं की पाळक होऊ घातलेल्या पोरांना वसतिगृहात ठेवलं तर ती फक्त पुस्तकं वाचतील. त्यांना चांगल्या नांदत्या घरात ठेवावं, म्हणजे भांडणं कशी होतात आणि मिटतात कशी, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडेल. म्हणणं सासूबाईंचं आणि स्वयंपाक थोरलीचा, असं ते चालत आलं. सासूबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली. स्वयंपाक धरून सत्तावीस. एवढ्या वर्षांत माडीवरच्या खोलीत, कधी दोन तर कधी एकच, असे चव्वेचाळीस जण राहून गेले. एकजण झोपेत चालायचा, त्याच्यासाठी जिन्याला फळी लावावी लागली. एकजण न्हाणीघरात उपदेशाची तालीम करायचा आणि बाहेर सगळं घर टॉवेल घेऊन ताटकळायचं. एकाचा भर वसंतात देवावरचा विश्वासच उडाला. तो स्वयंपाकघरात येऊन रडायला लागला तेव्हा थोरलीने त्याच्यापुढे मटारची टोपली सरकवली आणि म्हणाली, सोल. दोन किलो मटार सोलून होईपर्यंत तो बराच सावरला होता. आता तो कुठल्याशा मोठ्या मंडळीचा पाळक आहे, असं ऐकते ती.

घरात त्यांना ‘वरचे’ म्हणत. वरच्यांना चहा देऊन ये, वरच्यांचे मोजे वाळलेत का बघ, असं चालायचं. शेजारी नव्याने राहायला आलेली बाई आठवडाभर बुचकळ्यात पडली होती, ही माणसं देवाला मोजे घालतात की काय म्हणून.

ऑर्गन दुरुस्त करणारे दादा मागच्या वर्षी जिन्यात कोसळले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हा माडीवर दोघे होतेच. एकाने दादांना उचलून खाली आणलं, हे ती कधी विसरणार नव्हती. पण दुसऱ्याला त्याच आठवड्यात कांजिण्या निघाल्या आणि थोरलीने एक महिना खाली एका माणसाला भरवलं, वर दुसऱ्याला. ते दोघे गेले त्या दिवशी तिने खोली झाडली, गाद्या गुंडाळल्या, दाराला कडी घातली. आता झालं, असं ती स्वतःशीच म्हणाली. दुसऱ्या कुणाला सांगायचं राहिलं. सांगायला कशाला हवं, दिसतंच आहे, असं तिला वाटलं होतं.

उपासनेनंतर नेहमीप्रमाणे सगळे जेवायला थोरलीकडे. हेडमास्तर आणि त्यांची बायको धाकटी. दादांच्या पाठची बहीण, जिला भाचीमुळे सगळं घर आत्या म्हणतं. ती टेलिफोनच्या ऑफिसात होती आणि अजूनही समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘हां, बोला’ म्हणते. आणि थोरलीची लेक. लहानपणी कितीही हाका मारल्या तरी ‘एक मिनिट’ म्हणायची, म्हणून घरात तिचं नाव मिनिट पडलं. आता ती इस्पितळात डायलिसिसच्या विभागात सिस्टर आहे आणि सगळ्यांत आधी तिथे हजर असते.

ती सगळ्यांचं वाढून होईपर्यंतही थांबली नाही. काका, तुम्ही आईला विचारलं होतं का, एवढंच तिने विचारलं.

हेडमास्तरांनी घास सावकाश चावला. त्यांची वरची कवळी थोरलीच्याच हातची होती. घरामागच्या खोलीत ती दोन दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवायची. मेणात दात बसवणं, प्लास्टरचा साचा फोडणं, चाकावर चकाकी आणणं, सगळं ती एकटी करी. दिराच्या कवळीवर तिने तीन दिवस घालवले होते, तरी ते अडचणीत आले की ती टक् वाजायची. आता वाजली.

मग त्यांनी बरंच काही सांगितलं. मुलींना पाठवायला शिक्षणसंस्था आधी तयारच नव्हती. दोन वर्षं पत्रव्यवहार करून त्यांनीच ते घडवून आणलं. त्यानंतर मंडळीतल्या तीन घरांनी नकार दिला. मुलींची जबाबदारी नको, आमच्या घरात तरुण मुलगे आहेत, आमचं न्हाणीघर बाहेर आहे. बुधवारपर्यंत घराचा पत्ता कळवला नाही तर मुलींचं येणं रद्द होणार, आणि पुन्हा आणखी किती वर्षं त्यांचा विचार होईल कोण जाणे. हे सगळं खरं होतं. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हतेच. पण दुसऱ्याच्या घराबद्दल बोलताना त्यांना ते स्वतःचंच वाटे, त्यात त्यांना वावगं दिसत नसे.

“आईने सुरू केलेली गोष्ट आहे,” आत्या म्हणाली. “वहिनींनी इतकी वर्षं निभावलं. आणि मुलीच तर आहेत. उलट मदतच होईल घरात.”

“म्हणजे त्यांना इथे पाळकपण शिकवायचंय की बाबांना अंघोळ घालायला?” मिनिट म्हणाली.

धाकटी खाली मान घालून जेवत होती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं तिचं काम. तिथे दिवसभर तोंडावर फडकं बांधावं लागतं. ते सुटलं तरी ती तशीच गप्प असते, असं आत्या म्हणायची.

बोलणं तापत गेलं. मिनिट आईच्या पाठीविषयी, तिच्या गुडघ्यांविषयी बोलली. दादा पडल्यापासून ती एकदाही नीट झोपलेली नाही, हे सांगितलं. थोरलीला ते ऐकताना बरं वाटत नव्हतं. आपल्याला टेबलावर ठेवून सगळे तपासताहेत असं काहीसं वाटत होतं. ती म्हणाली, “जाऊ दे गं.” त्यावर मिनिट तिच्याकडे वळली.

“जाऊ दे काय? मी नऊ वर्षांची असताना माझी खोली गेली. ती वरची माझी होती. आजी म्हणाली, वर्षभरासाठी. मग मी लग्न होऊन जाईपर्यंत तुझ्या प्लास्टरच्या पोत्यांशेजारी झोपले. परीक्षेचा अभ्यास तिथे केला. माझ्या वह्यांवर कायम पांढरी पूड असायची.”

“तू कधी बोलली नाहीस,” थोरली म्हणाली.

“बोलले होते. तू म्हणालीस, एवढं एक वर्ष काढ.”

थोरलीला ते आठवेना. आठवत नाही याचंच तिला वाईट वाटलं. कारण ते वाक्य तिचंच होतं, ती ते अजूनही म्हणते, दादांनाही, स्वतःलाही. तिने रिकामी ताटं एकावर एक ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

धाकटी मागोमाग आली. तिने फडकं घेतलं आणि थोरली घासून ठेवील ते ताट पुसायला लागली. बाहेर हेडमास्तरांचा आवाज चालू होता. तो शाळेच्या पटांगणासाठी घडवलेला होता, खोलीत मावत नसे. चार-पाच ताटं पुसून झाल्यावर धाकटी म्हणाली, “ताई, आमच्याकडे नाही का चालणार मुली?”

थोरलीने नळ बंद केला.

धाकटीने सांगितलं की कालच तिने नवऱ्याला विचारलं होतं. ते म्हणाले, आपल्याला जमायचं नाही, वहिनींना सवय आहे. तिला वाटलं, तेही खरंच. पण आज उपासनेत टाळ्या वाजल्या तेव्हा तिने मागे वळून थोरलीचा चेहरा पाहिला, आणि तेव्हापासून तिला राहवत नव्हतं.

ताट हातात तसंच धरून थोरली उभी राहिली. बावीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न याच घरात विचारला गेला होता. त्या वर्षी दोनाऐवजी तीन शिकाऊ आले होते. धाकटीच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि मूल होणार नाही असं डॉक्टरांनी नुकतंच स्पष्ट सांगितलं होतं. ती सासूबाईंकडे येऊन म्हणाली, एकजण आमच्याकडे राहू दे. ती गेल्यावर सासूबाईंनी थोरलीला विचारलं, काय करावं. आणि थोरलीने सांगितलं, तिला पोरांची काय सवय? घर कसं शोकेसमधल्यासारखं ठेवते. तिच्याकडे करमायचं नाही कुणाला.

तिला त्या वेळी तीन माणसांचा स्वयंपाक जड जात होता. तरी ती असं म्हणाली. मंडळीत आल्यागेल्याला पाळकसाहेब सांगायचे, ह्या आमच्या वहिनी, ह्यांचं घर म्हणजे अर्धं चर्च. ते अर्धं चर्च तिला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. दमायची ती, पण नाव तिचं होतं.

“तू तेव्हाही विचारलं होतंस,” ती म्हणाली.

“हो.”

“मी काय बोलले ते ऐकलं होतंस?”

“दारात चपला घालत होते ना,” धाकटी म्हणाली. “पट्टा लागत नव्हता.”

“मग इतकी वर्षं काही म्हणाली नाहीस मला?”

“काय म्हणणार? सवय नव्हतीच मला. तुम्ही खोटं कुठे बोललात.” आणि तिने थोरलीच्या हातातलं ताट अलगद काढून घेतलं, पुसलं, चळतीवर ठेवलं.

रागावली असती तर सोपं गेलं असतं. थोरलीने हात पदराला पुसले. तिला वाटलं इथेच, ओट्याला टेकून, खाली बसावं आणि संध्याकाळपर्यंत कुणी उठवू नये. पण बसली असती तर पुन्हा उठली नसती, हेही तिला माहीत होतं. ती बाहेर आली.

बाहेर आत्या भावाच्या बाजूने, मिनिट एकटी. हेडमास्तर म्हणत होते, “वहिनींचं मन मोठं आहे. आजवर त्या कधी नाही म्हणाल्या आहेत का, सांग बरं.”

तेवढ्यात दादांनी डाव्या हाताने टेबलावर टकटक केलं. झटका आल्यापासून त्यांना बोलायचं असलं की ते असंच करीत, आणि मग सगळ्यांना थांबावं लागे. ओठ हलायला लागले. आत्याला त्यांचं वाक्य पुरं करायची घाई झाली होती, पण मिनिटने तिच्या हातावर हात ठेवला.

“विचारलं,” दादा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “कधी?”

एवढ्या दोन शब्दांना पेलाभर पाणी प्यायला लागावा तेवढा वेळ लागला. आत्या आधी हलली. तिने खुर्ची थोडी मागे घेतली आणि म्हणाली, “ते मात्र खरं आहे हं. मीही नाही विचारलं.” ती मिनिटच्या बाजूला गेली हे हेडमास्तरांना जाणवलं असावं, कारण कवळी पुन्हा वाजली.

थोरली उभी राहूनच बोलली. बसून बोलली असती तर तिने सगळं मवाळ केलं असतं.

“भाऊजी, मी नाही म्हणते आहे. मला आता होत नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही. मुलींना तुमच्याकडे ठेवा.”

“आमच्याकडे? आमच्याकडे कसं जमणार, वहिनी? हिला सवय नाही.”

“ते माझे शब्द आहेत. बावीस वर्षांपूर्वी हिने एक शिकाऊ मागितला होता, तो मीच अडवला. आईंना मीच सांगितलं, हिला जमणार नाही. जमेल की नाही ते मला काय ठाऊक होतं? मला ते माझ्याकडेच हवं होतं.”

ते बोलताना तिला फार लाज वाटली असं नाही. लाजायलाही अंगात बळ लागतं. फक्त मिनिट तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघते आहे, एवढं तिला जाणवलं. नऊ वर्षांच्या मुलीची खोली कशासाठी गेली, ते त्या मुलीला आज पहिल्यांदा कळत होतं, आणि ती काही फार मोठ्या गोष्टीसाठी गेलेली नव्हती.

हेडमास्तर म्हणाले की त्यांच्या घरात खोलीच नाही. आहे ती अभ्यासिका, तिथे त्यांची पुस्तकं.

“पुस्तकं हलतात,” धाकटी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हातात फडकं तसंच. “मी आज संध्याकाळपासून हलवायला घेते. इतकी वर्षं तुम्ही मंडळीला सांगताय, सेवकांसाठी दार उघडं ठेवा. आपलंही आहे ना एक दार.”

ती इतकं सलग बोलली याचंच सगळ्यांना नवल वाटलं. शेवटी हेडमास्तरांनी विचारलं, संदर्भग्रंथ तरी माझ्या पलंगाशेजारी राहतील ना. धाकटी म्हणाली, राहतील. हाच त्यांचा होकार होता.

निघताना मिनिट आईजवळ थांबली. थोरलीला वाटलं, ती गळ्यात पडेल किंवा निदान काही बोलेल. ती म्हणाली, “मी अजून रागावलेली आहे, आई. पण ते बघू नंतर. तू झोप.” आणि ड्यूटीवर गेली.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. संस्थेच्या पत्रावर जुनाच पत्ता राहिला होता. उंबऱ्यात दोघीजणी उभ्या होत्या. एक उंच, खांदे पाडून उभी राहणारी. दुसरी बुटकी, सर्दीने नाक लाल झालेली, तिने दोन सुटकेसी एकदमच उचलल्या होत्या. थोरलीने आधी त्यांचे दात पाहिले, तो तिचा धंदाच होता. उंच मुलीच्या पुढच्या दातांत फट होती आणि हसताना ती ओठ मिटून घेत होती. हिला व्यासपीठावर उभं राहायचंय म्हणजे आधी हे हसणं सोडवावं लागेल, असा विचार थोरलीच्या मनात येऊन गेला, आणि तिने तो तिथेच थांबवला.

चहा झाला. बुटकीने कप विसळून ठेवले. उंच मुलगी दादांशी बोलत बसली. ते उत्तर द्यायला किती वेळ घेतात याचं तिला काही वाटत नव्हतं. ती वाट पाहत होती, जणू सगळी माणसं अशीच बोलतात. त्यांनी ऑर्गनविषयी पाच-सहा शब्द सांगितले. इतके शब्द त्यांनी आठवड्यात कुणाला सांगितले नव्हते. थोरली दारात उभी राहून बघत होती. माडीवरची खोली रिकामी होती. कडी काढायला कितीसा वेळ. ‘राहा इथेच’ हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं, अगदी ओठांपर्यंत.

“चला,” ती म्हणाली. “तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे.”

शेजारच्या बाईला दादांजवळ बसवून ती मुलींना घेऊन निघाली. धाकटी दारातच उभी होती, केव्हापासून कोण जाणे. दुकानातून तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. अभ्यासिकेत दोन पलंग, त्यांवर घडी न मोडलेल्या चादरी, खिडकीला नवे पडदे, आणि प्रत्येक उशीवर एकेक टॉवेल, साबण, सुई-दोऱ्याची डबी. हेडमास्तर बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या तीन ढिगाऱ्यांमध्ये बसले होते आणि ‘या, या’ म्हणत होते, पण उठायला जागा नव्हती.

धाकटीने बुटकीला शिंकताना पाहिलं आणि गरम पाणी आणायला धावली. परत येताना पाणी थोडं सांडलं. ते तिनेच पुसलं आणि मग घाबरून थोरलीकडे पाहिलं, काही चुकलं का म्हणून. थोरलीला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. न्हाणीघराच्या वेळा पहिल्याच दिवशी ठरवून टाक. घरची पत्रं आली की अर्धा तास त्यांना एकटं सोड. पहिल्या उपदेशानंतर रडतील, तेव्हा शहाणपणाचं काही बोलू नकोस, खायला दे. हे सगळं कळायला तिला सत्तावीस वर्षं लागली होती.

“छान केलंयस,” ती म्हणाली, आणि निघाली.

ती रस्त्याला लागली. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं वाटत नव्हतं. खूप दिवस उचललेलं काही खाली ठेवल्यावर हात तसेच वाकडे राहतात, ते सरळ व्हायला वेळ घेतात, तसं काहीसं होतं. मागे वळून पाहिलं तेव्हा धाकटीचं दार उघडंच होतं आणि आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. ओठ न मिटता हसल्यासारखा वाटला. कुणाचा ते तिला ओळखू आलं नाही.

घरी आल्यावर तिने शेजारणीला निरोप दिला, हातपाय धुतले आणि भात लावायला डबा काढला. सवयीने चार मापं घेतली आणि मग दोन परत ओतली. दादांनी टेबलावर टकटक केलं. ती येऊन समोर बसली आणि थांबली.

“किती,” दादा म्हणाले. “पानं?”

“दोन,” ती म्हणाली.

दादांनी मान हलवली. मग बराच वेळ त्यांचे ओठ चाललेले होते. तिला वाटलं, ते ‘बरं’ म्हणतील, किंवा मुलींविषयी काही विचारतील.

“भात,” ते म्हणाले, “राहू दे. बस.”

भात लावायचा राहिला होता, मागच्या खोलीत कुणाची तरी कवळी साच्यात अडकून पडली होती, आणि उन्हं अजून खिडकीत होती. ती बसून राहिली.